मदत हवी आहे: आरसी (रिमोटवरचा) नायट्रो ट्रक ब्रशलेस केलाय, स्परचे दात टिकंनात

रंकाळा_ऑफरोड
मंडळी, जरा तातडीनं सांगा. नायट्रो इंधनाच्या इंजिनवर चालणारा आरसी ट्रक ब्रशलेस, म्हणजे बॅटरी-मोटारीवर करायला घेतलाय. इंजिन, टाकी, पाइप सगळं उतरवलं, मोटार आणि ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) बसवली. चाकं हवेत धरून फिरवली की गाडी एकदम गोड चालते. जमिनीवर ठेवून थ्रॉटल ओढला की कर्रर्र आवाज, आणि स्परचे (मोठ्या गिअरचे) दात साफ. नवीन स्पर टाकला, त्याचीही तीच गत. रविवारी तपोवन मैदानावर सगळे जमणार आहेत, त्याआधी गाडी उभी करायचीय. पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) बदलू की मोटार धरणारी प्लेट जाड करू? एवढंच सांगा.

पंचगंगा_७७
कुठला ट्रक? १/१० स्केलचा का १/८? मोटार केवढी, किती केव्ही (एका व्होल्टला किती आरपीएम), बॅटरी किती सेलची? स्पर प्लास्टिकचा का स्टीलचा? प्लेट कशाची? एवढ्यावर कोण काय सांगणार भावा. फोटो टाक.

नायट्रोच_खरी
इंजिन उतरवलंसच कशाला? पिस्टन-स्लीव्हचा सेट टाकला असतास तर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. तो धूर, तो आवाज, सुई फिरवत ट्यून करायची मजा मोटारीत कुठली?

रंकाळा_ऑफरोड
कॉम्प्रेशन गेलंय, गरम झालं की बंद पडतं. आणि नायट्रोमिथेन-मिथेनॉलचा डबा म्हटलं की कुरियरवाला हात लावत नाही. तो विषय नको.
१/८ आहे. २१ चं इंजिन होतं, ३.५ सीसी. मोटार ४२७४ (४२ मिमी व्यास, ७४ मिमी लांब), २२०० केव्ही. ४एस, म्हणजे चार सेलची लायपो बॅटरी. ईएससी १५० अँपिअरची.

तीनमिती_मास्टर
मोटार माउंट थ्रीडी प्रिंट करून टाक. मी फाइल बनवून देतो, पीएलए प्लास्टिकमध्ये एका रात्रीत निघेल. आख्ख्या गाडीचे पार्ट मी असेच काढतो.

उद्यमनगर_टर्नर
पीएलए साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं. मोटार सत्तरला सहज जाते. एप्रिलच्या उन्हात गाडी नुसती डिकीत ठेवली तरी माउंट वाकेल. बॉडी पोस्ट, बॅटरी ट्रे खुशाल प्रिंट करा, मोटार धरायला धातूच पाहिजे.

रंकाळा, तुझ्या माहितीत अजून निम्मं राहिलंय. स्परला दात किती, पिनियनला किती? पिनियनच्या दाताचं माप मॉड १ (मॉड्यूल १) चंच आहे का ३२ पिचचा आलाय? पाकिटावर जाऊ नको, व्हर्नियरनं बाहेरचा व्यास मोज. दातांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि मॉड्यूलनं गुणायचं. १६ दात असतील तर मॉड १ ला १८ मिमी भरेल. सव्वाचौदाच्या आसपास आला तर तो ३२ पिच, तो या स्परला लागणारच नाही. हाताला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून मोजायला सांगतोय.

सहा_सेल
४एसवर कशाला थांबलायस, ६एस टाक. तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो, ईएससी गार राहते. ४एसवर १/८ म्हणजे नुसता खेळ.

पंचगंगा_७७
त्याचे ४एसवर दात चाललेत आणि तू ६एस सांगायलास!

सहा_सेल
गिअरिंग खाली आणलं की ६एसला दात जात नाहीत. माझी तशीच चालतीय.

रंकाळा_ऑफरोड
मोजला. १८ मिमी. म्हणजे मॉड १ आहे. पिनियन १६, स्पर ४६, स्टीलचा. प्लेट ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची, घरीच कापलीय, जुन्या इंजिन माउंटच्या भोकांवर. मेश (दोन्ही गिअरचे दात एकमेकांत बसणं) कागदाची पट्टी घालून लावलाय, तो बरोबर आहे. आता सांगा प्लेट जाड करू का?

फॅक्टरीचीच_घ्या
एक मत देतो. रेव्हो काय, सॅव्हेज काय, या गाड्या कंपन्यांनी नायट्रोत काढल्या आणि नंतर स्वतःच इलेक्ट्रिकमध्येही काढल्या. त्यांनी मोटारीसाठी चेसिस, ट्रे सगळं वेगळं केलं. तू जुन्यावर जोडकाम करून जेवढे घालवशील, त्यात थोडी भर टाकून सेकंडहँड इलेक्ट्रिक येते. नायट्रोचं रोलर (इंजिनाशिवायची गाडी) विकून टाक.

रंकाळा_ऑफरोड
विकायची नाही. गाडी भावाची आहे, तो पुण्याला गेला. काही करून हीच चालवायचीय.

उद्यमनगर_टर्नर
मग हीच चालवायची, विषय संपला. आता नीट वाच.

पहिलं, नायट्रोवर हे दात इतकी वर्षं टिकले कसे? इंजिन आणि स्परच्या मध्ये सेंट्रिफ्युगल क्लच होता. इंजिन चढेपर्यंत क्लचचे शू घसरतात, झटका तिथंच मरतो. ब्रशलेसला क्लच नाही. शून्य आरपीएमपासून सगळा टॉर्क थेट दातावर. त्यामुळं जी ढील नायट्रोनं खपवून घेतली ती मोटार खपवून घेत नाही.

दुसरं, गिअरिंग. २२०० ला १४.८ व्होल्टनं गुण, साडेबत्तीस हजार आरपीएम. तुझं जुनं इंजिनही तीस-पस्तीस हजारांपर्यंतच जात होतं. म्हणजे क्लच बेलला जेवढे दात होते तेवढाच पिनियन पाहिजे. बहुतेक १३ असतील, मोजून बघ. १६ लावून तू गिअरिंग उगाच जड केलंस.

तिसरं, आणि हेच कुणी विचारलं नाही. मोटार धरून ठेव आणि दोन बोटांनी स्पर वर-खाली हलव. फिरवायचा नाही, हलवायचा. काय होतं ते सांग.

लायपो_जपा
मित्रा, लायपो फुल चार्ज करून घरात ठेवू नकोस. दोन-तीन दिवस चालवायची नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेव. चार्ज कायम बॅलन्समध्ये आणि समोर बसून. फुगलेला पॅक वापरायचा नाही म्हणजे नाही. हे सगळ्यांनीच मनावर घ्या.

रंकाळा_ऑफरोड
लायपोचं धन्यवाद, पण प्रश्न तो नाही.
काका, हलवून बघितला. स्पर हलतोय. चांगला अर्धा मिमी. क्लच बेल १३ ची होती.

उद्यमनगर_टर्नर
सापडलं. प्लेट नाही, पिनियनही नाही. तुझ्या सेंटर डिफची, म्हणजे स्पर ज्यावर बसतो आणि जो पुढं-मागं ताकद वाटतो त्या डिफरन्शियलची बेअरिंग गेलीत. तू मेश कितीही बरोबर लाव, थ्रॉटल ओढला की दात एकमेकांना ढकलतात आणि डिफच अर्धा मिमी मागं सरकतो. मग दातांची नुसती टोकं टोकांवर येतात. हवेत चाकं फिरवताना लोड नसतो म्हणून तिथं गोड वाटतं.

बेअरिंग मोज. १/८ ला बहुतेक ८ बाय १६ बाय ५ असतं. तसंच असेल तर आरसीचं म्हणून मागवत बसू नको. उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात ६८८ झेडझेड माग. रबर सील पाहिजे असेल तर ६८८ टूआरएस. मातीत चालवणार असशील तर टूआरएसच घे. जोडी बदल. ज्या ब्लॉकमध्ये बेअरिंग बसतं तोही बघ, भोक अंडाकृती झालं असेल तर नवीन बेअरिंगही हलणार.

पंचगंगा_७७
काका बरोबर. पण प्लेटचं मला अजून खटकतंय. ३ मिमीच्या एकाच प्लेटवर तोंडाशी धरलेली ४२७४, मागचं टोक लोंबकळतंय. उडी मारली की ती प्लेट पिरगळणार.

उद्यमनगर_टर्नर
तेही खरं. ६ मिमीची एल-आकाराची कर आणि मोटारीच्या मागच्या टोकाला खालून आधार दे. मिलिंगवाल्याकडं ऑफकट पडलेले असतात, चहा पाजलास तरी कापून देईल. ४६ आणि १३, मॉड १, म्हणजे दोन्ही केंद्रांतलं अंतर साडेएकोणतीस मिमी. मोटारीची भोकं गोल पाडू नको, स्लॉट कर. एक दात वाढवला की मोटार अर्धा मिमी सरकवावी लागते, त्यामुळं ३ मिमीचा स्लॉट भरपूर झाला. पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक, आणि स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर आला पाहिजे.

नायट्रोच_खरी
डिस्क ब्रेक काढलेस का? काढू नका. पुढचा-मागचा वेगवेगळा लावता येतो, ईएससीच्या ब्रेकला ते जमत नाही.

सहा_सेल
ब्रेकसाठी वेगळा सर्व्हो, त्याचं लिंकेज, त्याचं वजन. ईएससीचा ब्रेक टक्क्यांत सेट होतो. डिस्क काढून टाक.

नायट्रोच_खरी
टक्के सेट झाले म्हणून बायस (पुढं-मागं ब्रेकची वाटणी) सेट होतो का? डिफमधून पुढं किती मागं किती जातंय ते तेल ठरवतं, तुम्ही नाही.

सहा_सेल
तपोवनच्या मातीत बायस बघतंय कोण? तिथं एवढा खडा आहे की टायरच धरत नाहीत.

पंचगंगा_७७
ब्रेकचा वेगळा धागा काढा रे.
रंकाळा, एक विचारतो. नायट्रोच्या वेळचा रिसीव्हर पॅक (रिसीव्हरची वेगळी बॅटरी) अजून जोडलेला आहे का?

रंकाळा_ऑफरोड
हो, आहे तसाच आहे. त्याचं काय?

पंचगंगा_७७
आत्ता काढ. ईएससीतला बीईसी रिसीव्हरला करंट देतो. पॅक आणि बीईसी दोन्ही एकत्र जोडले तर एकमेकांत करंट ढकलतात, त्यात बीईसी जातो आणि सोबत रिसीव्हर. पॅकच ठेवायचा असेल तर ईएससीच्या वायरीतली मधली लाल पिन काढून टेप लाव. दोन्हीतलं एकच.

रंकाळा_ऑफरोड
पॅक काढला. बेअरिंग ८×१६×५ च निघाली, आतल्या गोळ्या अक्षरशः खडखडत होत्या. ६८८ टूआरएस आणली, ब्लॉक ठीक आहे. १३ चा पिनियन मित्राकडं होता. एल-प्लेट करून घेतली, मागून आधार दिला. आता स्पर हलत नाही. पंचही (सुरुवातीचा झटका) ईएससीत खाली आणला. घरासमोरच्या रस्त्यावर आणि मागच्या मुरमात भरपूर पळवली, दात जसेच्या तसे. थांबवल्यावर मोटार ६८ अंश.

फक्त एक नवीन दिसतंय. जोरात काढली की पुढची चाकं हवेत येऊन भन्नाट फिरतात, टायर फुगतात आणि मागं ताकदच जात नाही.

उद्यमनगर_टर्नर
६८ चालतंय, ऐंशीच्या पुढं जाऊ देऊ नको.
चाकं फुगतायत ते सेंटर डिफचं तेल पातळ आहे म्हणून. सगळी ताकद हलक्या चाकांकडं पळते. आत्ता कुठलं आहे ते बघ आणि त्याच्यापेक्षा घट्ट सिलिकॉन तेल भर. बेअरिंगसाठी डिफ काढलाच होतास, तेव्हाच सांगायला हवं होतंस की बाबा.

कळंबा_बोट
माझ्याकडं आरसी बोट आहे. तिला हीच १५० अँपिअरची ईएससी चालेल का? पाण्यात आहे म्हणजे गारच राहील ना?

पंचगंगा_७७
कारच्या ईएससीला पंखा असतो, बोटीच्या ईएससीला पाण्याची नळी. बोटीच्या बंद हलमध्ये (सांगाड्यात) पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. नवीन धागा काढा, मोटार आणि हलची लांबी लिहा.

रंकाळा_ऑफरोड
तेल आजच बघतो. रविवारी सकाळी साडेसातला तपोवन, काका तुम्ही येणार का?

उद्यमनगर_टर्नर
येतो. व्हर्नियर आणि ॲलन की घेऊन येतो, तू सुट्टे स्पर आण.