मदत हवी आहे: बाहेरगावाहून घरचा पीसी वापरायचा आहे, पोर्ट फॉरवर्ड करूनही लागत नाही

कोरीपाटी

नमस्कार. नाशिकला घरी विंडोज ११ प्रो असलेला डेस्कटॉप आहे, त्यावर टॅली आणि जुने हिशेब आहेत. महिनाभर बंगळुरूला राहून लॅपटॉपवरून हाच पीसी वापरायचा आहे. घरी आई-बाबा असतील, पण त्यांना पीसीला हात लावायला लागू नये. घरच्या वायफायवर रिमोट डेस्कटॉप (विंडोजची दुरून पीसी वापरायची सोय) छान चालतो. राउटरमध्ये त्याचा ३३८९ पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेली जोडणी पीसीकडे वळवली), तरी बाहेरून काही केल्या लागत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो, आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधलं की भलताच आकडा येतो. पावसाळा आहे, वीजही अधूनमधून जाते. कृपया मार्गदर्शन करा.

तारयंत्र

हे दोन आकडे जुळत नाहीत, त्यातच तुमचं उत्तर आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणजे तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकाच सार्वजनिक आयपीवर पुरवठादाराने बरेच ग्राहक बसवलेले असतात. बाहेरून आलेली जोडणी त्याच्याच यंत्रणेत अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी फरक पडणार नाही.

तो फॉरवर्डचा नियम आजच काढून टाका. उद्या पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेतलात तरी ३३८९ उघडा ठेवू नका. इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर अखंड चालू असतात, आणि सापडलं की पासवर्डचा मारा सुरू होतो. पोर्टचा आकडा बदलून लपता येत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात तर पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. ती विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत होती, पण मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला, यावरून धोका ओळखा.

तुमच्यासाठी टेलस्केल योग्य; आपली मशिनं एका खाजगी जाळ्यात जोडणारं हे सॉफ्टवेअर आहे. दोन्ही मशिनांवर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा. वैयक्तिक वापराला फुकट आहे. दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या पीसीला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल (राउटरच्या वॅन आयपीशी त्याचा संबंध नाही, गोंधळू नका). तोच रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा.

घर सोडण्याआधी हे करून ठेवा, नाहीतर मध्येच अडकाल:

- घरच्या पीसीवर टेलस्केलच्या मेनूत 'रन अनअटेंडेड' चालू करा. ते नसेल तर पीसी रीस्टार्ट झाल्यावर कुणी लॉगिन करेपर्यंत जोडणी उभीच राहत नाही.
- टेलस्केलच्या वेब पॅनेलमध्ये घरच्या पीसीसमोर 'डिसेबल की एक्स्पायरी' निवडा. एरवी १८० दिवसांनी पुन्हा लॉगिन मागतो, आणि ते दुरून करणं अवघड जातं.
- विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमांना 'स्कोप'मध्ये रिमोट पत्ता १००.६४.०.०/१० (टेलस्केलचे पत्ते) एवढाच द्या. घरच्या वायफायवरूनही मग टेलस्केलच्याच पत्त्याने जायचं.

चाचणी घरच्या वायफायवर करू नका. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मग जोडून बघा.

हिरवाकंदील

एवढं करण्यापेक्षा सरळ एनीडेस्क हे दुरून स्क्रीन वापरायचं अॅप टाका की. दोन मिनिटांचं काम.

तारयंत्र

चालेल, आणि विंडोज होम असतं तर तेच किंवा तसंच रस्टडेस्क सुचवलं असतं, कारण होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपचा यजमान होता येत नाही, म्हणजे त्या पीसीत दुरून शिरता येत नाही. पण त्यात एरवी तुमचं सगळं काम घरच्या मॉनिटरवर दिसत राहतं; रिमोट डेस्कटॉपमध्ये तिकडे लॉक स्क्रीन असते. हिशेबाच्या पीसीला मला हे महत्त्वाचं वाटतं. दुसरं म्हणजे, फोनवर कुणी 'एनीडेस्क उघडा आणि नंबर सांगा' म्हणालं तर तो सांगायचा नाही, हे आई-बाबांना नीट समजावून ठेवा. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

मीटरबॉक्स

नेटवर्कचं झालं, आता विजेचं बघा. महिन्याभरात खरी अडचण तिथेच येईल.

पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, मॉनिटर बंद ठेवा. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' असा पर्याय असतो (बोर्डागणिक नाव बदलतं), तो 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' नको: शटडाउन झाल्यावर वीज गेली तर तो बंदच राहील. तपासायला पीसी शटडाउन करा, भिंतीवरचं बटण अर्धा मिनिट बंद ठेवा, परत चालू करा. पीसी आपोआप उठला पाहिजे.

यूपीएस असेल तर एक पेच आहे. बॅटरी उतरत आल्यावर यूपीएसचं सॉफ्टवेअर विंडोज शटडाउन करतं, आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधी वीज आली तर पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. मग तो उठत नाही. अशा वेळी घरच्यांना एक बटण दाबायला सांगणं हाच सोपा मार्ग.

वेक-ऑन-लॅनच्या (बंद पीसी नेटवर्कवरून उठवण्याच्या सोयीच्या) मागे लागू नका. त्याचं पॅकेट घरातूनच सुटावं लागतं, म्हणजे रास्पबेरी पायसारखं आणखी एक यंत्र सतत चालू हवं. शिवाय फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करायची सोय) चालू असताना शटडाउन केलेला पीसी त्याने उठेल याचा भरवसा नाही.

राउटर आणि फायबरची पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. बऱ्याच घरी राउटर चालू असतो आणि पेटी बंद.

काम संपलं की आधी टॅलीतून बाहेर पडा, मग रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद करा. नुसती फुली मारली तर जोडणी तुटते पण टॅली तिकडे उघडीच राहते, आणि त्यात वीज गेली तर डेटा बिघडायची भीती. बंगळुरूहून शटडाउन कधीच करू नका; गरज पडली तर शटडाउन /आर /टी ०, म्हणजे रीस्टार्ट.

कोरीपाटी

दोघांचेही मनापासून आभार. हॉटस्पॉटवरून पीसी सापडतोय! पण लॉगिनला क्रेडेन्शियल चुकीचे म्हणतो. पिन तर बरोबर टाकतोय.

तारयंत्र

पिन फक्त त्या पीसीसमोर बसून चालतो, रिमोट डेस्कटॉपला मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो. सेटिंग्जमध्ये साइन-इन पर्यायांत 'फक्त विंडोज हॅलो'वालं (पिन, चेहरा, बोटाचा ठसा यांनीच लॉगिन करायचं) बटण बंद करा, साइन आउट करा आणि घरच्या पीसीवर एकदा पासवर्डने आत जा. तो पासवर्ड मग पीसीवर नोंदला जातो. त्यानंतर लॅपटॉपवरून ईमेल आणि तोच पासवर्ड द्या.