घरसभेत फिलिप्पै ४: ‘तृप्त राहा’ हे शिकवायचं कसं?

खानापूरवाट
सर्वांना सलाम. खानापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती घरसभेत पुढचे चार बुधवार बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय घ्यायचं ठरलंय. दहा-बारा माणसं, त्यातली तिघं-चौघं कन्नड बायबल आणणारी. वेळ पाऊण तास, त्यात दोन गाणी. तेरावं वचन (‘सर्वकाही करण्यास शक्तिमान’वालं) सगळ्यांना पाठ आहे, गाड्यांवर स्टिकर आहेत. पण ‘समाधानी राहा’ म्हटलं की निम्मे मान डोलावून गप्प बसतात आणि बाकीचे म्हणतात, ‘उसाचं बिल अडकलंय, समाधान कुठलं?’ सुरुवात कुठून करायची? घरी करायला काय द्यायचं? प्रवचन नको, कामाचं सांगा.

कॅम्पातला वाचक
तेराव्या वचनापासून सुरू करू नका, तिथंच गाडी घसरते. पहिल्या बुधवारी १० ते १३ एवढंच घ्या. आधी तेरावं हाताने झाकून बारावं वाचायला लावा: पोट भरलेलं असणं, उपाशी असणं, हातात असणं, नसणं. मग हात काढा. ‘सर्वकाही करण्यास शक्तिमान’ मधलं सर्वकाही म्हणजे ही वरची यादी. परीक्षेतला नंबर आणि नवा ट्रॅक्टर तिच्यात नाहीत.

मग अकराव्यातल्या ‘शिकलो’ या शब्दावर थांबा. पौलाला हे जन्मजात नव्हतं. ‘तृप्त’साठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द आउतार्केस. स्तोइक पंथाचे जुने ग्रीक-रोमी तत्त्वज्ञ तो स्वतःवरच भागवणाऱ्या, कुणाची गरज नसलेल्या माणसासाठी वापरत. पौल शब्द त्यांचाच उचलतो आणि दोन वचनं पुढे गेल्यावर त्याला उलटा करतो: बळ माझं नाही, देणाऱ्याचं.

आणि चौदावं वगळू नका, ते दुसऱ्या बुधवारी घ्या. पौल कैदेत आहे (१:१३), फिलिप्पैकरांनी पाठवलेला एपफ्रदीत मदत घेऊन आलाय (४:१८), तोही आजारी पडून मरता मरता वाचलाय (२:२७). तरी पौल ‘मला काही नको’ म्हणत नाही. माझ्या संकटात वाटा उचललात हे चांगलं केलंत, म्हणतो. आपल्याकडे मदत नाकारणं हेच समाधान समजतात, खरी गाठ तिथं आहे.

भाषेचं म्हणाल तर ‘तृप्ती’ कन्नडमध्येही तृप्तीच. बाराव्यातला ‘विपन्न’ (हातात काही नसलेला) मात्र मराठीवाल्यांनाही समजावून सांगावा लागेल.

निपाणी नाका
उसाच्या बिलाला बगल देऊ नका, तिसरा बुधवार त्यालाच द्या. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ उघडा. गाव तेच, फिलिप्पै. २५व्या वचनात पाय खोड्यात, पाठ सोललेली, आणि पौल व त्याचा सोबती सीला मध्यरात्री गाणी गातायत. सकाळी अधिकारी म्हणतात, गुपचूप निघून जा. ३७व्या वचनात पौल सुनावतो: चौकशी न करता आम्हा रोमी नागरिकांना चारचौघांत फटके मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच. सोबत याकोब ५:४ वाचा; अडकवून ठेवलेली मजुरी तिथं ओरडतेय.

मग व्यवहार. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. काट्याच्या पावत्या तारखेवार लावा, झेरॉक्स काढा, अर्जावर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. कन्नडमध्ये अर्ज लिहिणारी माणसं तुमच्या सभेतच बसलीत की!

लोंढा जंक्शन
घरी करायला तीन गोष्टी, एका आठवड्याला एकच द्या. सगळं एकदम दिलं की तिसऱ्या दिवशी वही बंद होते.

पहिली, स्तोत्र १३. सहाच वचनं. १-२ मध्ये तक्रार (‘कोठवर’ चार वेळा येतं), ३-४ मध्ये मागणी, ५-६ मध्ये भरवसा. ह्याच क्रमाने आपल्या शब्दांत सहा ओळी लिहायच्या. लोक तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारतात आणि मग ती प्रार्थना पोकळ वाटते. तक्रारीला दोन ओळी द्यायलाच लावा.

दुसरी, फिलिप्पै ४:६ प्रमाणे मागणीसोबत आभार. झोपण्याआधी तीन ओळी, पण नाव-गाव असलेल्या. ‘देवाने सगळं दिलं’ चालणार नाही. ‘पोराला ताप होता, शेजारणीनं रिक्षा करून नेलं’ चालेल. गोल बसवून मोठ्याने म्हणायला लावू नका. चौथ्या माणसापासून पुढे सगळे तिसऱ्याचंच वाक्य म्हणतात.

तिसरी, निर्गम १६. मान्ना, म्हणजे रानात इस्राएलांना देवाने रोज दिलेलं अन्न, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट. कागदावर मधोमध रेघ मारा, एका बाजूला आजची काळजी, दुसऱ्या बाजूला उद्याची. रात्री प्रार्थनेला आजची बाजूच घ्या.

कॅम्पातला वाचक
एक राहिलं. कुणी दोन-तीन आठवडे झोपत नाही, जेवत नाही, मरणाच्या गोष्टी बोलतोय, तर त्याला वचन पाठ करायला देऊ नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देव आधी त्याला झोपू देतो, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, तेही दोनदा. बोलणं नंतर. डॉक्टरकडे सोबत जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६, फोन फुकट. ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं म्हणणाऱ्याला त्या घरी पाठवूच नका.

खानापूरवाट
पुष्कळ मिळालं. चौथा बुधवार वह्या उघडून बोलायला मोकळा ठेवते. एकच विचारायचं होतं, कन्नड बायबलात ते स्तोत्र १३च ना?

लोंढा जंक्शन
होय, १३च. कुणी जुन्या लॅटिन क्रमांकांचं कॅथलिक प्रार्थनापुस्तक आणलं तर त्यात मात्र १२ दिसेल.