प्रतिसाद: पंप चालू असूनही थर्मल फ्लो स्विच मधूनच 'प्रवाह नाही' दाखवतो

सेटिंगचा स्क्रू फिरवण्याआधी बसवण्याची जागा तपासा. पाइपमध्ये पाणी वाहतंय की नाही हे ओळखणाऱ्या या स्विचच्या टोकात दोन तापमान सेन्सर असतात, त्यातला एक तापवलेला. वाहतं पाणी त्याची उष्णता ओढून नेतं, म्हणून दोघांतला फरक कमी होतो. स्विच तेवढंच ओळखतो. टोकापाशी हवेचा बुडबुडा अडकला की उष्णता निघत नाही आणि पंप चालू असूनही ट्रिप येते, म्हणजे 'प्रवाह नाही' असा संकेत मिळतो. त्यामुळे आडव्या पाइपमध्ये तो वरून बसवू नका, बाजूने बसवा. उभ्या पाइपमध्ये प्रवाह खालून वर जाणारा हवा. टोक समोरच्या भिंतीला टेकता कामा नये, आणि एल्बो (पाइपचं वळण) किंवा व्हॉल्व्हच्या आधी-नंतर पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लांबी सोडा.

सेटिंग पाइप पूर्ण भरलेला आणि पाणी नेहमीच्या तापमानाला असतानाच करा. वीज दिल्यावर वॉर्म-अप, म्हणजे सेन्सर तापून स्थिर होण्याचा वेळ, संपू द्या. मग व्हॉल्व्हने प्रवाह अलार्मच्या पातळीपर्यंत उतरवून स्विचिंग पॉइंट (ज्या प्रवाहाला स्विचने संकेत बदलायचा ती पातळी) लावा.

पाण्याचं तापमान झपाट्याने बदललं तर काही सेकंद खोटा संकेत येऊ शकतो. त्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये टायमर ठेवा, म्हणजे संकेत ठरावीक वेळ टिकला तरच तो खरा मानला जाईल. मात्र कोरडा चालल्यावर पंपाचं सील जितका वेळ तग धरतं, त्याहून टायमरचा वेळ कमीच हवा.

ट्रिप हळूहळू वाढत गेली असेल तर टोकावर क्षार जमले असू शकतात. ते मऊ कापडाने पुसा, खरवडू नका.