डायलअप मेलबॉक्सवर मोठी फाइल अर्ध्यात तुटते, काय करू? सल्ला हवाय

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, आधी हसू नका. आमचा एक मोठा ग्राहक अजूनही डायलअप मेलबॉक्सवरच फाइल घेतो, म्हणजे आपण मॉडेमने नंबर फिरवायचा, लॉगिन करायचं, त्यांच्या कप्प्यात फाइल टाकायची आणि ते त्यांच्या सवडीने उचलतात. रोजची ऑर्डर-चलनं दहावीस केबीची असतात, ती बिनबोभाट जातात. घोळ महिनाअखेरीचा. सगळी बिलं आणि अख्खी दरयादी मिळून ३८ एमबीची टेक्स्ट फाइल होते आणि ती कधी तासाभराने तुटते, कधी दोन तासांनी, आणि तुटली की परत श्रीगणेशा. गेल्या महिन्यात तीन रात्री यात गेल्या. मॉडेम ३३.६ चा (सेकंदाला ३३,६०० बिट) आहे, स्क्रिप्ट माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली, तो केव्हाच सोडून गेला. झिप करून बघितली तर ती सुरू होते ना होते तोच गप्प, लाइन चालू पण काही हलत नाही. फाइलचे तुकडे करू, दुसरं सॉफ्टवेअर घेऊ की नवीन मॉडेम? ग्राहकाला दुसरं काहीतरी वापरा म्हणून सांगून झालंय, ते सुचवू नका प्लीज.

घाईघाई:
सीडीवर टाकून कुरियर करा :) ६५० एमबी एका दमात.

जुनंखोड:
घाईघाई, दरमहा कुरियर केलं तरी त्यांच्याकडे ती सीडी मेलबॉक्सच्या सिस्टिममध्ये घालणार कोण, तिथे फाइल आपोआप उचलली जाते म्हणून तर हा खटाटोप आहे.

रात्रपाळी, मॉडेमला हात लावू नका अजून. आधी सांगा, स्क्रिप्टमध्ये फाइल पाठवायची ओळ नेमकी काय आहे? एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम, कर्मिट या फाइल पाठवायच्या प्रोटोकॉलपैकी (दोन्हीकडच्या मॉडेमवाल्यांनी पाळायच्या नियमांपैकी) काही दिसतंय का?

रात्रपाळी:
यातलं काहीच नाही. "टेक्स्ट पाठव" अशा अर्थाची कमांड आणि पुढे फाइलचं नाव, बस.

जुनंखोड:
वाटलंच. म्हणजे तुम्ही प्रोटोकॉल न वापरता नुसती फाइल ओतताय. कोणीतरी कीबोर्डवर ३८ एमबी टाइप करतंय असंच समोरच्याला वाटतंय, त्यामुळे कुठपर्यंत आलं याचा हिशोब कोणाकडेच नाही, मग तुटल्यावर पहिल्यापासून नाही तर कुठून सुरू करणार.

आणि झिप का गप्प बसते तेही यातच आहे. टेक्स्ट पाठवताना बहुतेक जुन्या स्क्रिप्टा एक्सऑन-एक्सऑफ फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-चालू सांगायची पद्धत) लावतात, त्यात १९ नंबरचा बाइट म्हणजे "थांब" आणि १७ नंबरचा म्हणजे "चालू कर". साध्या टेक्स्टमध्ये हे बाइट येतच नाहीत म्हणून तुमची चलनं मजेत जातात. झिपमध्ये मात्र २५६ पैकी कुठलाही बाइट कुठेही येतो, त्यामुळे पहिल्या काही शे बाइटातच १९ येणार, मॉडेम तो डेटा न समजता हुकूम समजणार आणि थांबणार. वर २६ नंबरचा बाइट बऱ्याच ठिकाणी "फाइल संपली" असा वाचला जातो. तेव्हा फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर घ्या, आरटीएस-सीटीएस, म्हणजे थांब-चालूचा इशारा वेगळ्या तारांवरून जातो. बऱ्याच मॉडेमवर ती कमांड एटी अँड के३ (AT&K3) असते पण तुमच्या मॉडेमची पुस्तिका बघा, सगळ्यांची सारखी नसते. कॉम्प्युटरचा मॉडेम जोडायचा पोर्ट आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. सात बिट आणि ईव्हन पॅरिटी असेल तर झिपचं नावच सोडा.

मग मेलबॉक्सच्या मेनूत झेडमोडेम आहे का बघा. असेल तर डोळे झाकून तेच.

उचापती:
झेडमोडेमला +१. एक्समोडेम दिसलं तरी भुलू नका. ते १९७७ चं, वॉर्ड ख्रिस्टेन्सनचं, १२८ बाइटचा ब्लॉक पाठवायचा आणि "मिळाला" असं उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचं. ३८ एमबीचे असे ३ लाख ११ हजार ब्लॉक होतात, दर उत्तराला नुसते ०.२ सेकंद धरले तरी सतरा तास निव्वळ वाट बघण्यात जातात. शिवाय शेवटचा ब्लॉक भरायला ते मागे कचरा बाइट चिकटवतं, फाइलची लांबी बदलते. चक फोर्सबर्गने १९८६ मध्ये झेडमोडेम केलं ते टेलेनेट (Telenet) या पॅकेट नेटवर्कसाठी, तिथे उत्तर यायला उशीर व्हायचा म्हणून त्यात वाट न बघता सलग पाठवत राहायची सोय आहे आणि चूक झाली तर समोरचा "अमुक बाइटपासून परत दे" सांगतो. तुटल्यावर पुढे चालू करायची सोय त्यातूनच आलीये, पण ती बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम चालू करावी लागते, नाहीतर फाइलला नवीन नाव देऊन पहिल्यापासून सुरू.

दुसरं, तुमचा कॉम पोर्ट किती स्पीडला आहे? ३८,४०० असेल तर मॉडेमने आत कितीही दाबून पाठवलं तरी पोर्टमधून सेकंदाला ३,८४० बाइटच जातात, कारण दर बाइटमागे दहा बिट. कच्ची ३८ एमबी म्हणजे जवळजवळ तीन तास, एवढा वेळ कुठलीच लाइन नीट धरत नाही.

काटकसर:
माझं मत थोडं वेगळं, तुकडे करा. एक-एक एमबीचे. मॉडेम १४,४०० च्या स्पीडला असेल तर एक तुकडा साधारण साडेदहा मिनिटांत जातो, तुटला तर तेवढाच परत. समोर पुढे चालू करायची सोय असेलच असं नाही, काही मेलबॉक्स लाइन तुटली की अर्धवट फाइल पुसून टाकतात, मग झेडमोडेम काय करणार बिचारं.

जुनंखोड:
अर्धवट फाइल पुसतात का हा प्रश्न बरोबर आहे, तो ग्राहकाला विचाराच. पण कच्च्या ३८ एमबीचे तुकडे म्हणजे ३८ तुकडे, ते समोर जोडणार कोण आणि १७ वा राहिला हे कळणार कसं? आधी झिप, मग गरज असेल तरच तुकडे.

टपालवाली:
मी बरीच वर्षं हेच काम केलंय, ईडीआय (कंपन्यांमधल्या ऑर्डर-बिलांच्या ठरावीक साच्यातल्या) फाइली मेलबॉक्सवरून द्यायच्या-घ्यायच्या. तुमची फाइल तुटते हे एका अर्थी बरंच आहे, निदान कळतं तरी. आमच्याकडे एकदा लाइन तुटली आणि मेलबॉक्सने जेवढं आलं तेवढीच पूर्ण फाइल धरून कप्प्यात ठेवली. समोरच्याने उचलली, त्यांच्या सिस्टिमने वाचली, आणि आठवड्याने त्यांचा फोन, अर्धी बिलं कुठायत? आमच्या लॉगमध्ये दुसऱ्या फेरीत पूर्ण गेल्याची नोंद, त्यांच्याकडे पहिली अर्धी आधीच वाचलेली, म्हणून दुसरी डुप्लिकेट समजून बाजूला टाकलेली. तीन दिवस हाताने ताळे जुळवत बसलो होतो.

तेव्हापासून दोन गोष्टी सोडत नाही. फाइलच्या शेवटी एक ओळ, त्यात एकूण ओळी आणि एकूण रक्कम. ती ओळ नाही तर फाइल वाचायचीच नाही असं समोरच्याशी ठरवून घ्यायचं (एडिफॅक्ट या ईडीआयच्या साच्यात यूएनटी आणि यूएनझेड हे सेगमेंट याचसाठी असतात, त्यात मोजणी असते). आणि फाइल आधी टीएमपी अशा नावाने चढवायची, पूर्ण चढली की मगच खरं नाव द्यायचं, म्हणजे अर्धवट असताना कोणी उचलत नाही. नाव बदलायची सोय मेलबॉक्सवर नसेल तर मागून एक छोटी "झालं" नावाची फाइल टाका.

त्यांच्याकडे ओएफटीपी हा फाइल पाठवायचा प्रोटोकॉल आहे का तेही विचारा. गाडीवाल्या कंपन्यांच्या ओडेट संघटनेने १९८६ मध्ये केलेलं, तुटलं तर पुढे चालू करायची सोय त्यातच आहे आणि फाइल खऱ्या मालकाच्या हातात पडली की पोच परत येते. नुसतं मेलबॉक्सपर्यंत पोचलं आणि ग्राहकापर्यंत पोचलं यात फरक आहे हो.

रात्रपाळी:
बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पोर्ट ३८,४०० वरच होता, एक्सऑन-एक्सऑफच होतं. ग्राहकाशी बोललो. ओएफटीपी नाही. झेडमोडेम मेनूत आहे, झिप चालेल म्हणाले पण त्यांचं उघडणारं सॉफ्टवेअर जुनं आहे, आणि अर्धवट फाइल २४ तास ठेवतात. झिप ४.६ एमबी झाली! आता सलग जाते, पण दहा-पंधरा मिनिटांनी कॅरिअर (दोन मॉडेममधला सिग्नल) जातोच. पूर्वी असं नव्हतं, चारेक महिन्यांत वाढलंय.

उचापती:
चार महिन्यांपूर्वी ऑफिसात फोनचं काही बदललं का?

रात्रपाळी:
हो की. जुनी लाइन काढून इंटरनेटच्या डब्यातून फोन दिला. त्याचा काय संबंध?

उचापती:
सगळा संबंध तोच! तुमचा मॉडेमचा आवाज आता पॅकेट करून जातोय. एक पॅकेट हरवलं तर माणसाला कळतही नाही, मॉडेमचा मात्र ताल जातो आणि तो परत जुळवाजुळव करायला लागतो, दोन-चारदा झालं की फोन ठेवतो. फोनवाल्यांना सांगून त्या लाइनवर जी ७११ कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) लावून घ्या, जी ७२९ वगैरे आवाज दाबणाऱ्यावर मॉडेम चालणारच नाही. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणं) बंद, जिटर बफर (मागेपुढे आलेली पॅकेटं थोडी थांबवून ठेवायची जागा) ठरावीक आकाराचा, कॉल वेटिंग बंद. आणि मॉडेमला ३३.६ चा हट्ट सोडायला लावा, १४,४०० वर बांधा म्हणजे व्ही ३२ बिस या मानकावर. व्ही ४२ एरर करेक्शन (चुकलेला डेटा परत मागणारं) मात्र चालूच ठेवा. ऐकायला उलटं वाटेल, पण हळू चाललेला कॉल टिकतो आणि आधी पोचतो.

मॉडेमच्या कम्प्रेशनचं म्हणाल तर झिपवर व्ही ४२ बिस हे कम्प्रेशन काही बिघडवत नाही, ते ओळखून गप्प बसतं, पण एमएनपी ५ या जुन्या कम्प्रेशनवर जोडणी झाली तर झिप उलट फुगते, तेवढं बंद करा.

काटकसर:
आणि झिप साध्या डिफ्लेटने करा, १९९३ च्या पीकेझिप २ पासून चालत आलेली पद्धत, नवीन सॉफ्टवेअर आपणहून दुसरं काही निवडतं आणि जुन्याला ते उघडत नाही. नाव आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं, यापुढे जाऊ नका. तुकड्यांचं मी मागे घेतो, २४ तास ठेवत असतील तर नको ते.

टपालवाली:
काटकसर यांनी मत मागे घेतलं, तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

रात्रपाळी:
अपडेट. जी ७११ लावायला फोनवाल्यांनी आठवडा घेतला. काल रात्री १४,४०० वर पाठवली. ३.२ एमबीला लाइन तुटलीच, पोटात गोळा आला, पण परत फिरवल्यावर स्क्रीनवर थेट ३.२ पासूनच आकडे सुरू झाले, मी खुर्चीतून उठलोच. दोन्ही मिळून ५३ मिनिटं. शेवटची ओळ घातली होती, सकाळी ग्राहकाकडून ओळींची संख्या आली, तंतोतंत जुळली. नाव बदलायची सोय नाही म्हणून "झालं" फाइल टाकली. आता एकच, रात्री तो मॉडेम किंचाळतो त्याने वॉचमन दोनदा वर बघायला आला, आवाज बंद कसा करू?

जुनंखोड:
मॉडेमला एटीएम० (ATM0) कमांड दिलीत की गप्प. पण मी असतो तर एटीएम१ ठेवला असता, जोडणी होईपर्यंतच वाजतो. एंगेज लागलं, की समोर माणसाने उचलला, की मॉडेम भेटला, ते कानाला आधी कळतं. वॉचमनला सांगून ठेवा महिनाअखेरीला वाजणार म्हणून.