मदत हवी आहे: मागाच्या खोलीत ५ फुटी फिश टँक बसवायचाय, लाईटचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो. जरा मोठं लिहिणार आहे, वाचून घ्या बघा, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरं पण अर्धवट येतात.

आमच्या घराला लागून एक लांबडी खोली आहे, तिथं दोन पॉवरलूम होते, साड्या विणायचो. माग विकून दोन वर्षं झाली, खोली तशीच रिकामी. आप्पांनी तिथं उभा जन्म काढला, आता ते त्या खोलीत पायच ठेवत नाहीत, तिकडनं जायचं झालं तरी अंगणातनं वळसा घालून जातात. गेल्या महिन्यात शहापूरला आत्याकडं गेलो होतो, तिच्याकडं दोन फुटाचा छोटा टँक आहे, त्याच्यासमोर आप्पा बसले ते तासभर उठलेच नाहीत, चहा गार झाला तरी लक्ष नाही. तेव्हाच मनात घेतलं की त्या खोलीत चांगला मोठा टँक करायचा, त्यांनी रोज संध्याकाळी तिथं येऊन बसावं असा.

माप ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच धरलंय. हिशोब केला तर २० घनफूट, म्हणजे साधारण ५६६ लिटर. काच, वाळू, दगड, स्टँड सगळं मिळून साडेसातशे किलोच्या आसपास जाईल असं वाटतंय. वजनाची मला काळजी नाही कारण जमीन कोब्याची आहे आणि माग बसवताना खाली दगड घालून फाउंडेशन केलेलं आहे. एका दुकानदारानं ८ एमएम काच चालेल म्हणून सांगितलं, मला ते काय पटलं नाही, १२ एमएमच घालणार.

माझी खरी अडचण उजेडाची आहे. छप्पर मंगळुरी कौलांचं आहे आणि विणताना धागा दिसावा म्हणून मधे मधे काचेची कौलं घातलीत. दुपारी ११ ते ३ उन्हाचे पट्टे जमिनीवर फिरत असतात, आणि टँकसाठी जी जागा धरलीय तिथं एक पट्टा बरोबर येतो. शिवाय मागावर टांगलेल्या जुन्या चार फुटी चोकवाल्या ट्यूबा आहेत, ३६ वॅटच्या चार, अजून चालू आहेत. मला जिवंत झाडं लावायची आहेत, प्लास्टिकची नकोत. तर हे ऊन आणि ह्या ट्यूबा एवढ्यावर भागेल का, की वेगळी लाईट घ्यायला लागेल, घेतली तर किती वॅटची, किती तास लावायची? यूट्यूबवर रात्र रात्र बघुलालोय, प्रत्येकजण वेगळंच सांगतोय, डोकं चालंना. बजेट सगळं धरून ४०-४५ हजार.

---

हिरवंपाणी:
दादा, पहिलं ते ऊन बंद करा. मी हे नाव उगाच घेतलेलं नाही, माझा टँक खिडकीसमोर होता आणि तीन आठवड्यांत पाणी असं हिरवं झालं की मासे दिसायचे बंद झाले, पाणी बदललं की चार दिवसांत परत तसंच. उन्हाचा एक पट्टा पण सगळ्या लाईटींपेक्षा भारी पडतो आणि तो तुमच्या हातात नाही, आज ढग, उद्या कडक. ट्यूब बंद करता येते, ऊन बंद करता येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं ते वेगळंच. काचेच्या कौलांना वरनं चुना मारा नाहीतर टँक दुसऱ्या भिंतीला घ्या.

---

खानापूररोड:
चुना पहिल्या पावसात धुऊन जातो हो. तुम्ही मेमध्ये कौलं परतून घेता ना? त्याच वेळी टँकवरची काचेची तेवढी काढून साधी मातीची घाला, बाकीची राहू द्यात, खोलीत उजेड पाहिजेच की. आणि कौलं परतायचं काम टँक भरायच्या आधी उरकून घ्या, वरनं किती धूळ, कोळिष्टकं, विंचू काय काय पडतं ते तुम्हाला माहीतच असेल.

आता लाईट. वॅट मोजू नका, वॅट म्हणजे वीज किती खाते ते. लुमेन बघा, म्हणजे उजेड किती देते ते, बॉक्सवर लिहिलेलं असतं. वाळू-दगड घातल्यावर पाणी धरा ४८० लिटर. सोप्या झाडांना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात, म्हणजे तुम्हाला ५ ते १० हजार लुमेन. साधी चार फुटी २० वॅटची एलईडी बॅटन २ हजाराच्या आसपास लुमेन देते, अशा चार लावल्या की झालं. त्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, कूल डे लाईट म्हणतात ते, झाडांना तेच चालतं. बॅटन चार फुटी आणि टँक पाच फुटी, म्हणून दोन डावीकडं सरकवून आणि दोन उजवीकडं सरकवून लावा, नाहीतर कोपरे काळे पडतात.

जुन्या ट्यूबा नकोत. त्या छताला आहेत, पाण्यापासून तीन-चार फूट वर, निम्मा उजेड खोलीत सांडतो आणि जो पोचतो तो दोन फूट पाणी कापून तळापर्यंत जाता जाता संपतो.

---

निपाणीकडला:
माझं मत वेगळं आहे. बॅटननं उजेड पसरट पडतो, सगळं सपाट दिसतं. एलईडी फ्लड लाईट घ्या, ३० वॅटचे तीन, पाण्यापासून फूटभर वर टांगून. एकाच ठिकाणनं उजेड येतो म्हणून पाणी हललं की तळावर लाटांची जाळी फिरते, ओढ्यात दुपारी दिसते ना, तशी. आप्पांना बसून बघायचंय ना, मग हे बघण्यासारखं आहे. शिवाय ते आयपी ६५ असतात, पाणी उडालं तरी बिघडत नाहीत. बॅटनला वाफ लागली की गंजते.

झाडं मात्र सोपीच घ्या. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, वॅलिसनेरिया. लाल झाडं आणि गवताचा गालिचा बघून भुलू नका, त्याला भरपूर उजेड लागतो आणि मग सिलिंडरमधनं कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो, नाहीतर झाडाच्या जागी शेवाळंच वाढतं. आणि अनुबियास, जावा फर्नचा कंद वाळूत पुरू नका, कुजतो. दगडाला दोऱ्यानं बांधायचा. तुमच्या घरात दोरा बांधणारा हात आहेच.

---

वायरमन_चिकोडी:
लाईटच्या नादात लाईट जाते हे विसरू नका. टायमर घेणार असाल तर फिरत्या चकतीचा स्वस्तातला घेऊ नका, करंट गेला की चकती थांबते, तासभर लाईट गेली की तुमची वेळ तासभर पुढं सरकते, आठवड्यात दिवसाची रात्र होते. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. फिल्टर आणि एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, टँकची लाईट इन्व्हर्टरवर नसली तरी चालते, दिवसभर अंधार राहिला तरी झाडं मरत नाहीत. पण फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर त्यातले चांगले जिवाणू मरायला लागतात.

आणि मागाच्या खोलीतली वायरिंग जुनी असणार. टँकच्या लाईनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे पाणी वायरीवरनं ओघळलं तरी झोळात थेंब होऊन खाली पडतं, प्लगात शिरत नाही. हे नक्की करा.

---

मूळ पोस्टवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. लाटांच्या जाळीचं वाचून दाखवलं तर आप्पा म्हणाले कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाकडं लहानपणी असं पाणी बघितलंय. त्यामुळं फ्लड लाईटच ठरलं, तीन. आरसीसीबीसाठी वायरमनला सांगितलंय.

अजून दोन गोष्टी. आमच्या विहिरीचं पाणी आहे आणि नळाचं पण येतं, कुठलं वापरू? आणि दिवसाला किती तास लाईट? आम्ही दोघं बसणार संध्याकाळी ६ नंतर, मग दिवसा बंद ठेवून रात्री लावली तर झाडांना चालतं का?

---

खानापूररोड:
चालतं की. झाडाला घड्याळ कळत नाही, सलग उजेड मिळाला की झालं. ५ ते ११ लावा, सहा तास. पहिला दीड महिना सहाच्या वर जाऊ नका, मग शेवाळ नसेल तर आठपर्यंत वाढवा. सुरुवातीला काचेवर, दगडावर तपकिरी थर येईल, घाबरून औषध टाकू नका, तो नव्या टँकला येतोच आणि आपोआप जातो.

पाणी विहिरीचं वापरा, त्यात क्लोरिन नसतं. फक्त पातेल्याला पांढरा थर बसतो का बघा, बसत असेल तर पाणी जड आहे, वॅलिसनेरियाला ते आवडतं उलट. नळाचं असेल तर क्लोरिन काढायचं औषध टाकूनच घाला.

मासे लगेच सोडू नका, हे हात जोडून सांगतो. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, अमोनियाचा नायट्राइट, दोन्ही विषारी, ते पचवून नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नुसती झाडं आणि चालू फिल्टर, आणि आठवड्यातनं दोनदा चिमूटभर माशांचं खाद्य टाका, तेच कुजून अमोनिया होतो. फिल्टर तासाला दोन-अडीच हजार लिटरचा घ्या.

---

हिरवंपाणी:
एक राहिलं. मागाच्या खोलीत तेल सांडलेलं असणार आणि कोपऱ्यात धाग्याचा भुगा. टँक ठेवायच्या आधी जमीन सोड्यानं घासून घ्या, भिंती झाडून चुना द्या. तेलाचा हात पाण्यात गेला तर वर तवंग धरतो.

---

मूळ पोस्टवाला:
अपडेट देतो. कौलवाले रविवारी येऊन गेले, टँकवरची तीन काचेची कौलं बदलली, आता तिथं ऊन येत नाही. जमीन दोन दिवस घासली, काळं पाणी निघालं नुसतं. स्टँड वेल्डिंगवाल्याकडनं आला, चौकोनी पाइपचा. पाणसळ लावायला गेलो तर आप्पा दारात उभे होते. आत आले, खिशातनं सूत काढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरलं आणि म्हणाले डावीकडं दोन सूत खाली हाय, पाचर घाल. पाणसळ लावून बघितली, खरंच तेवढंच होतं, पाव इंच.

टँक शुक्रवारी येतोय, आठवडाभर नुसतं पाणी भरून गळतोय का बघणार, मग वाळू. घाई करणार नाही, गणपतीला पाहुणे येतात तोवर मासे असले की पुरे. आता मागच्या काचेला बाहेरनं काळा रंग द्यावा म्हणतोय, पण आप्पा म्हणतात निळा दे. वरनं फ्लड लाईट असताना झाडं कशावर उठून दिसतील, कुणी दोन्ही करून बघितलंय का?