ओल्या बर्फातील स्की ओरिएंटिअरिंग: एकच वस्तू घ्यायची असेल तर कोणती घ्यावी?

वाटचुकार:
पुढच्या आठवड्यात आमच्या स्थानिक क्लबची स्की ओरिएंटिअरिंग स्पर्धा (स्कीवरून, नकाशा वाचत ठरलेली ठिकाणे गाठण्याची शर्यत) आहे. हवामानाच्या अंदाजात तापमान शून्याच्या किंचित वर असून दिवसभर रिमझिम पाऊस सांगितला आहे. माझ्याकडे स्केटिंगच्या (पाय आलटून पालटून तिरके ढकलत जाण्याच्या) जुन्या स्की आहेत आणि त्यांचा तळ गुळगुळीत आहे. काठ्यांच्या टोकांना लहान बास्केट (काठी बर्फात रुतू नये म्हणून बसवलेल्या चकत्या) आहेत. छातीवर बांधायचा मॅप होल्डर माझ्याकडे नाही. माझा वेग बेताचा असल्यामुळे मी बराच वेळ बाहेर असेन. माझ्या बजेटमध्ये एकच मध्यम किमतीची वस्तू बसते, तेव्हा नव्या स्की कृपया कोणी सुचवू नयेत. कोणत्या वस्तूने सर्वाधिक फरक पडेल?

हिमकण:
नव्या स्की घ्याव्यात, असे मी स्पष्टच सांगतो. ओल्या बर्फात तळाखाली पाण्याचा थर साचतो आणि गुळगुळीत तळ त्याला चिकटून राहतो, त्यामुळे उतारावरही कोणीतरी मागून ओढत असल्यासारखे वाटते. मी गेल्या हंगामात खरखरीत स्ट्रक्चर (तळावरच्या बारीक खाचा) असलेली, खास ओल्या बर्फासाठीची जोडी घेतली आणि तेव्हापासून पावसाची मला धास्ती वाटत नाही. पैशांचे म्हणाल, तर चांगली जोडी अनेक वर्षे टिकते.

उत्तररेषा:
धागाकर्त्यांनी नव्या स्की नकोत असे लिहिले आहे, ते वाचायला हवे होते. मॅप होल्डरला पर्याय नाही. दोन्ही हात काठ्यांमध्ये अडकलेले असताना नकाशा खिशातून काढून पाहणे म्हणजे प्रत्येक फाट्यावर थांबणे होय. १:१०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. ताशी अठरा किलोमीटरच्या वेगाने उतार उतरताना हे अंतर वीस सेकंदांत संपते आणि तेवढ्यात दोन फाटे मागे पडलेले असतात. होल्डरची फळी फिरती असावी, म्हणजे वळण घेतले की नकाशाही प्रवासाच्या दिशेला वळवता येतो.

मेणबत्ती:
स्ट्रक्चरसाठी नवी जोडी कशाला हवी? हाताने फिरवायचे रिलर मिळते, ते तळावर दाबून ओढले की खाचा उमटतात. त्याआधी उष्ण हवामानाचे मेण लावून पूर्ण थंड होऊ द्यावे, खरवडावे आणि घासावे. पूर्वी लोक फ्लोरिनयुक्त पूड लावून मोकळे होत असत. एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३–२४ च्या हंगामापासून तिच्यावर पूर्ण बंदी घातली आणि ते योग्यच झाले.

हिमकण:
योग्य कसे? ओल्या बर्फात पाणी दूर सारणारे तसे दुसरे काही नव्हते. स्थानिक स्पर्धेत कोण तपासायला येते?

मेणबत्ती:
कोणी तपासत नाही म्हणून टिकाऊ रसायने जंगलातल्या बर्फात सोडून यावीत, हा युक्तिवाद मला पटत नाही. रिलर घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुटक_रेषा:
वरील चर्चा स्कीच्या तळाभोवतीच फिरते आहे, म्हणून नकाशाबद्दल लिहितो. जाड सलग हिरवी रेषा म्हणजे रुंद, वेगवान मार्ग आणि तुटक हिरवी रेषा म्हणजे स्नो स्कूटरने पाडलेली अरुंद, संथ वाट, हे आपल्याला माहीत असेलच. अरुंद वाटेवर स्केटिंगला जागा नसते, त्यामुळे दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला ढकलत जावे लागते, आणि ओल्या बर्फात नेमके तिथेच लहान बास्केट घोट्याइतके खोल रुतते. प्रत्येक ढकलीला काठी उपसून काढण्यात दंड भरून येतात. म्हणून मोठी बास्केट बसवावीत. ती स्वस्त असतात, त्यामुळे बजेटचा बराचसा भाग शिल्लक राहील. शिवाय अशा हवेत लांबचा रुंद मार्ग जवळच्या तुटक वाटेपेक्षा बहुधा लवकर पोहोचवतो.

उत्तररेषा:
बास्केटबद्दल सहमत आहे, पण नकाशा दिसलाच नाही तर रुंद मार्ग निवडणार कसा? म्हणून पुन्हा सांगतो, मॅप होल्डर.

धुके:
माझ्याकडे उत्तम मॅप होल्डर होता, तरी पावसात तो निरुपयोगी ठरला. आयोजकांनी नकाशा इंकजेटवर छापला होता आणि पिशवीचे तोंड नीट बंद केले नव्हते. पाणी आत शिरले, हिरवा रंग पसरला आणि तीन वाटांची एक वाट झाली. पिशवी धड असली तरी प्लास्टिकवर थेंब बसतो, तो नेमका फाट्यावर बसला की तुटक रेषा सलग दिसू लागते, आणि ओल्या हातमोज्याने पुसावे तर सगळीकडे धूसर पट्टा उमटतो. होल्डरला एक लहान कोरडे फडके दोरीने बांधून ठेवावे. चष्मा असेल तर टोपीला पुढे झडप हवीच. आयोजकांचा निष्काळजीपणा हा खरे तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

हिमकण:
माझ्या नव्या स्कींवर मात्र त्या दिवशी

उत्तररेषा:
आपले वाक्य अर्धवट राहिले आहे, तरी आशय समजला.

सावकाश:
वॉटरप्रूफ जॅकेट मात्र घेऊ नये, कारण जोरात स्की करताना आतून घामानेच भिजायला होते. लोकरीचा आतला थर आणि वर पातळ वाराविरोधी जॅकेट पुरते. सुती कापड अंगाला लावू नये.

मेणबत्ती:
जॅकेटबद्दल पूर्ण सहमत. रिलर घ्यावे.

वाटचुकार:
सर्वांचे आभार. बास्केट क्लबमधील एका सदस्याकडून उसनी मिळाली आणि रिलरही त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे ते दोन्ही प्रश्न सुटले. मॅप होल्डरसाठी कडक प्लास्टिकची फळी आणि जुन्या पिशवीचे पट्टे वापरून जोडणी केली आहे. ती फिरत नाही, पण दोन्ही हात मोकळे राहतात. पैसे मी वॉटरप्रूफ जॅकेटवरच खर्च केले. सावकाश यांचा मुद्दा वेगाने जाणाऱ्यांसाठी बरोबर आहे. मी मात्र फाट्याफाट्यावर उभी राहून नकाशा वाचणार आहे, आणि शून्याच्या आसपास ओल्या कपड्यांनी उभे राहिले की आधी बोटे आखडतात आणि मग विचारही सुचत नाही. काखेखाली चेन असलेले घेतले आहे, चढावर ती उघडता येईल.

सावकाश:
निर्णय मला पटलेला नाही. पण घेतलेच आहे, तर होल्डरचे पट्टे जॅकेटच्या वरून बांधावेत आणि काखेतील चेन त्यांच्याखाली दबत नाही ना, हे घरीच तपासून घ्यावे.