पावसाची ओढ आणि पावसाने दिलेली ओढ

मस्कतहून
जून उजाडला की घरच्या मंडळींच्या ग्रुपवर मृगाचे फोटो येऊ लागतात आणि इथे पारा चाळिशीच्या वर. ढग नाही, मळभ नाही, पांढरंफटक ऊन. तेव्हा जीव जसा होतो त्याला मी 'पावसाची ओढ' म्हणते. पण बातम्यांत 'पावसाने ओढ दिली' असंही वाचते, आणि तिथे पाऊस आलाच नाही असा अर्थ असतो. हे दोन्ही एकाच शब्दात कसे आले? मस्कतमध्ये 'पावसाने ओढ दिली' म्हटलं तर चालेल का?

रत्नागिरीहून
दोन्हींच्या मुळाशी 'ओढणे'च आहे. मन त्या बाजूला ओढलं जातं, ही एक ओढ. पाऊस स्वतःला मागे ओढून धरतो, ही दुसरी. 'ओढगस्तीचा संसार' म्हणतो त्यातही हीच टंचाईची छटा आहे.

लातूरहून
मस्कतला नाही चालणार, ताई. जो पाऊस यायचा ठरलेला असतो तोच ओढ देऊ शकतो. सोयाबीन दोन पानांवर आलंय, जमीन भेगाळायला लागली आहे आणि आभाळ कोरडं आहे, तेव्हा तोंडातून 'ओढ दिली' निघतं.

आमच्याकडे या थांबण्याला पायऱ्या आहेत. पहिले चार दिवस ती 'उघडीप'. ती हवीच असते, तिच्याशिवाय कोळपणी-खुरपणी होत नाही, फवारणी तर नाहीच. पुढे पिकाला 'ताण' बसतो. मग 'ओढ'. आशा सुटायला लागली की 'दडी मारली'. 'खंड' हा कृषी खात्याच्या आणि पीकविम्याच्या कागदांवरचा शब्द, बांधावर तो फारसा ऐकू येत नाही. उघडीपही 'देतो' आणि ओढही 'देतो', क्रियापद तेच, पण पहिलीत दिलासा असतो आणि दुसरीत दुबार पेरणीची धास्ती.

रत्नागिरीहून
कोकणात उघडीप म्हणजे आधी कपडे वाळत घालायची घाई! बाकी सहमत.

दुबईहून
मस्कतच्या ताईंनी जुलै-ऑगस्टमध्ये सलालाला जरूर जावं. रस्त्याने हजारेक किलोमीटर आहे, पण देश तोच आणि वारेही आपलेच, नैर्ऋत्य मोसमी. किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाकडचं थंड पाणी वर येतं, त्यावरची दमट हवा गारठते आणि धोफरच्या डोंगरांना अडून धुकं धरते. डोंगर हिरवेगार होतात. मुसळधार मात्र शोधू नका. तिथे पडते ती भुरभुर. अंगावर घ्यावीशी वाटते म्हणून भुरभुरच म्हणायचं. 'रिपरिप' म्हटलं की कंटाळा आलाच.

शब्दचर्चा चाललीच आहे तर सांगतो, तिथे या मोसमाला 'खरीफ' म्हणतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू. आपला 'खरीप' तोच शब्द, फारसीवाटे महसुली दप्तरात आलेला. पीक शरदात हाती येतं म्हणून खरीप. रब्बीचं वसंतात येतं, आणि अरबीत वसंताला 'रबी'. 'मोसम'ही तिकडचाच, 'मौसिम'. ओमानच्या डोंगरावर आणि लातूरच्या सातबाऱ्यावर एकच शब्द नांदतो, याचं मला फार अप्रूप आहे.

मस्कतहून
सलालाचं नक्की ठरवते. म्हणजे मला ओढ पावसाची, आणि पाऊस ओढ देणार तो गावाकडेच. एक शेवटचं विचारते. आई फोनवर म्हणाली, 'तरणा कोरडा गेला, आता म्हाताऱ्यावर भिस्त.' ही नक्षत्रं कोणती?

लातूरहून
तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. पुष्य २० जुलैच्या आसपास लागतं. त्यानंतर आश्लेषा आणि मग मघा. 'न पडतील मघा तर वरती बघा' ही म्हण त्याच मघांची. आईंना सांगा, आमच्याकडे काल रात्रीपासून झड लागली आहे.